टकर, फुलर, वॉकर : इंग्रजी आडनावाचा उगम आणि इतिहास शोधण्याची रीत

मुंबई उच्च न्यायालयाची १८७१ ते १८७८ या काळात उभी राहिलेली इमारत कर्नल जेम्स फुलर यांच्या आराखड्यानुसार बांधली गेली. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचे काम १८८२ मध्ये मुंबईत सुरू करणारे फ्रेडरिक टकर पुढे बूथ-टकर या नावाने ओळखले गेले. त्यांच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मुंबईच्या लष्करातले अलेक्झांडर वॉकर बडोद्याला रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, होते आणि काठियावाडच्या खंडणीची १८०७ ची व्यवस्था त्यांच्याच नावाने प्रसिद्ध आहे. या तिघांच्या आडनावांत वरवर पाहता काहीही साम्य दिसत नाही. तरीही ती तिन्ही एकाच धंद्यातून निघाली आहेत. आडनावाचा अर्थ कळल्याने घराण्याविषयी किती कळते आणि किती कळत नाही, हे समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण असल्याने पुढील सर्व पायऱ्या याच तीन आडनावांच्या आधारे मांडल्या आहेत.

आधी तो धंदा समजून घेतला पाहिजे. मागावरून उतरलेले लोकरी कापड विरळ, खरबरीत आणि तेलकट असे. ते पाण्याच्या कुंडात घालून त्यात विशिष्ट प्रकारची शोषक माती आणि शिळे मूत्र मिसळत आणि पायांनी तासन्‌तास तुडवत. मातीने तेल निघे, मूत्रातील अमोनियाने मळ सुटे आणि तुडवल्याने धागे एकमेकांत गुंतून कापड आटत, घट्ट आणि जाड होत जाई. नंतर ते लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून उन्हात वाळवत. बाराव्या शतकापासून पाण्याच्या चाकावर चालणारे लाकडी हातोडे हे कुटण्याचे काम करू लागले. टेंपलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या मालमत्तेच्या ११८५ च्या पाहणीत इंग्लंडमधील अशा गिरण्यांची नोंद आहे. दक्षिण-पूर्वेकडे हे काम करणाऱ्याला फुलर म्हणत, नैऋत्येकडे टकर आणि उत्तरेकडे व मध्यभागात वॉकर. पहिला शब्द लॅटिनमधून जुन्या इंग्रजीत आणि नॉर्मन फ्रेंचमध्ये आलेला आहे, दुसरा ओढणे व छळणे अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदापासून आणि तिसरा घुसळणे, लोळवणे अशा अर्थाच्या क्रियापदापासून बनला आहे. किल्मार्नॉकच्या जॉन वॉकर यांच्या किराणा दुकानातून पुढे आलेल्या व्हिस्कीच्या बाटलीवर १९०८ पासून जो ऐटीत चालणारा गृहस्थ दिसतो, त्याने आडनावाचा अर्थ ‘चालणारा’ असा सर्वदूर पोहोचवला. कापडावर चालणारा, एवढी दुरुस्ती केली तर त्यातही थोडे तथ्य उरते.

पहिली पायरी : प्रश्न दोन आहेत, ते वेगळे करावेत

‘या आडनावाचा उगम काय’ असे विचारताना आपण दोन प्रश्न एकत्र करत असतो. हा शब्द आडनाव म्हणून कसा तयार झाला, हा एक प्रश्न. तो या विशिष्ट कुटुंबाकडे कसा आला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर चांगल्या कोशात पाच मिनिटांत मिळते, दुसऱ्यासाठी महिने लागतात आणि पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर गृहीत धरणे हीच या क्षेत्रातील सर्वांत मोठी गफलत आहे. म्हणून कामाला सुरुवात करताना एका कागदावर त्या कुटुंबातील सर्वांत जवळच्या, पक्क्या माहितीच्या व्यक्तीचे पूर्ण नाव, जन्माचे वर्ष, ठिकाण, धर्मपंथ आणि व्यवसाय लिहावा. घरातील आठवणी त्यातच पण वेगळ्या रकान्यात लिहाव्यात. ‘आमचे पूर्वज यॉर्कशरचे होते’ हे वाक्य पुराव्याने सिद्ध होईपर्यंत दुसऱ्या रकान्यातच राहिले पाहिजे.

दुसरी पायरी : आडनावाचा प्रकार ठरवावा

इंग्रजी आडनावे ढोबळमानाने चार प्रकारची आहेत : गावावरून किंवा जागेवरून आलेली, बापाच्या नावावरून आलेली, धंद्यावरून आलेली आणि टोपणनावावरून आलेली. ज्यांच्याकडे एकीकडे सातारकर-नागपूरकर आणि दुसरीकडे सोनार-कासार-कुलकर्णी अशी आडनावे आहेत, त्या मराठी वाचकाला यात नवीन असे फारसे काही नाही. मात्र प्रकार ठरवताना आजच्या शब्दरूपावर विसंबून चालत नाही. राजा किंवा बिशप असा अर्थ असलेली आडनावे त्या पदांवरच्या माणसांच्या वंशजांची क्वचितच असतात. त्यांच्या चाकरीतल्या, त्यांचे सोंग घेणाऱ्या किंवा त्यांच्यासारखा तोरा मिरवणाऱ्या माणसांना ती चिकटलेली असतात.

यासाठी पॅट्रिक हँक्स, रिचर्ड कोट्स आणि पीटर मॅक्लूर यांनी संपादित केलेला ब्रिटन व आयर्लंडमधील कुलनामांचा ऑक्सफर्डचा चार खंडांचा कोश (२०१६) सर्वांत उपयुक्त आहे. त्यात पंचेचाळीस हजारांहून अधिक आडनावे असून प्रत्येक अर्थासोबत जुन्या नोंदी वर्ष आणि काउंटीसह (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) दिल्या आहेत. त्या नोंदी पाहिल्याशिवाय अर्थ स्वीकारू नये. कोणते तरी आडनाव टाइप करताच ‘प्राचीन व सन्माननीय’ घराणे आणि त्याचे बोधचिन्ह दाखवणाऱ्या संकेतस्थळांपासून तर दूरच राहावे. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिले जाते, आडनावाला नव्हे. ही चिन्हे देणारी संस्था, कॉलेज ऑफ आर्म्स, १४८४ पासून अस्तित्वात आहे. छापील बोधचिन्हाचा कप विकत घेतल्याने कोणी त्या कुळातला होत नाही.

एकाच रूपामागे अनेक उगम असू शकतात, हेही याच टप्प्यावर तपासावे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ‘कापड तुडवणाऱ्याचा मुलगा’ असा अर्थ असलेले एक गेलिक आडनाव होते आणि इंग्रजी लिहिणाऱ्यांनी त्याचे अनेकदा वॉकर केले. काही आयरिश टकर कुटुंबांच्या मुळाशी वेगळेच गेलिक नाव आहे आणि त्याचा कापडाशी काहीही संबंध नाही. अलेक्झांडर वॉकर स्वतः स्कॉटलंडमधील फाइफचे होते. त्यांचे पूर्वज यॉर्कशरात शोधणारा माणूस पहिल्याच वळणावर चुकेल.

तिसरी पायरी : नकाशा

माझ्या मते कोश मिटल्यावर लगेच उघडायची गोष्ट म्हणजे १८८१ च्या जनगणनेतील आडनावांचा नकाशा. त्या वर्षी ३ एप्रिलच्या रात्री इंग्लंड आणि वेल्समध्ये मोजल्या गेलेल्या सुमारे २ कोटी ६० लाख लोकांच्या नोंदी पूर्णपणे उतरवून काढल्या गेल्या आहेत. रेल्वे आल्यानंतरही बहुतेक कुटुंबे तेव्हा आपल्या जुन्या मुलखापासून फार दूर गेलेली नव्हती. आपल्या तीन आडनावांचे नकाशे शेजारी ठेवले, तर मध्ययुगीन बोलींच्या सीमा डोळ्यांसमोर येतात. टकर डेव्हन, सॉमरसेट आणि कॉर्नवॉलमध्ये गर्दी करतात. फुलर ससेक्स, केंट, सफक आणि नॉरफकमध्ये. वॉकर यॉर्कशर, लँकशर, डरहॅम आणि मध्य इंग्लंडमध्ये. डेव्हनमधील एक्सेटर शहरात विणकर, कापड तुडवणारे आणि कापड कातरणारे यांच्या संघाची १४७१ ची वास्तू अजून उभी आहे आणि तिचे नावच टकर्स हॉल आहे.

नकाशा वाचताना एक काळजी घ्यावी. नुसत्या संख्येचा नकाशा पाहिला, तर जवळपास प्रत्येक आडनाव लंडनचे वाटते, कारण माणसेच तिथे जास्त होती. म्हणून लोकसंख्येच्या प्रमाणात आडनाव किती दाट आहे, हे दाखवणारा नकाशा निवडावा. एखादे दुर्मिळ आडनाव दहा-पंधरा मैलांच्या एकाच टापूत साचलेले दिसले, तर ते एकाच माणसापासून पसरले असण्याचा संभव असतो आणि शोधही तिथेच सुरू करता येतो. ब्रिटनमधील पहिल्या वीस आडनावांत गणले जाणारे वॉकर मात्र शेकडो गावांत स्वतंत्रपणे उगवले आहे. कापड विणले जाई तिथे ते तुडवणारा लागे आणि त्यामुळे दोन वॉकर कुटुंबे शेजारच्या गल्ल्यांत राहूनही एकमेकांची कोणी नसू शकतात.

चौथी पायरी : जवळच्या काळाकडून मागे जावे

नकाशा दिशा दाखवतो, पुरावा देत नाही. पुरावा एकेका पिढीने मागे जाऊनच जमवावा लागतो. चौदाव्या शतकातील एखादा विल्यम वॉकर पकडून त्याच्यापासून खाली उतरण्याचा मोह टाळावा, कारण असा विल्यम प्रत्येक काउंटीत सापडतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. स्कॉटलंडमध्ये ती १८५५ पासून आहे. इंग्लंड-वेल्सच्या जुन्या सूच्या तिमाहीनुसार लावलेल्या आहेत आणि त्या घटनेच्या नव्हे, तर नोंदणीच्या तारखेवर बेतलेल्या असतात. जन्म नोंदवण्यासाठी बेचाळीस दिवसांची मुदत असल्यामुळे डिसेंबर १८८० मध्ये जन्मलेले मूल १८८१ च्या पहिल्या तिमाहीत सापडू शकते. नवशिके लोक नोंद नाहीच असे समजून इथेच थांबतात. सूची मोफत पाहता येते, पण काम प्रत्यक्ष दाखल्यानेच होते. जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे आडनाव असते आणि विवाहाच्या दाखल्यावर वर-वधू या दोघांच्या वडिलांची नावे व व्यवसाय असतात. माझ्या दृष्टीने पैसे खर्च करायचेच असतील, तर आधी विवाहाचा दाखला मागवावा, कारण तो एका फटक्यात दोन घराण्यांना एक पिढी मागे नेतो.

दाखल्यांच्या जोडीने जनगणना पाहावी. ती १८०१ पासून दर दहा वर्षांनी होत असली, तरी माणसांची नावे देशभर पद्धतशीरपणे मिळतात ती १८४१ पासून. त्या वर्षी पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची होती, त्यामुळे अडतीस वर्षांचा माणूस पस्तीसचा दिसतो. जन्माचे गाव आणि कुटुंबप्रमुखाशी नाते १८५१ पासून लिहिले जाऊ लागले. आडनावाच्या शोधात जन्मगावाचा हा रकाना सोन्याच्या मोलाचा आहे, कारण १८५१ मध्ये सत्तरीत असलेल्या माणसाचे जन्मगाव आपल्याला थेट १७८० च्या सुमाराच्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, पोहोचवते. शंभर वर्षांच्या गोपनीयतेच्या नियमामुळे १९२१ ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जनगणना आगीत गेली, १९४१ मध्ये युद्धामुळे ती झालीच नाही. ही पोकळी युद्धाच्या तोंडावर, सप्टेंबर १९३९ मध्ये केलेल्या नागरिकांच्या नोंदपटाने काही अंशी भरून निघते.

पाचवी पायरी : पॅरिशच्या वह्या

१८३७ च्या मागे गेले की सरकार संपते आणि चर्च सुरू होते. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मे, विवाह आणि दफने लिहून ठेवण्याचा हुकूम दिला. सुरुवातीच्या सुट्या कागदी नोंदी १५९८ च्या आदेशानंतर चर्मपत्राच्या वह्यांत उतरवल्या गेल्या आणि दर वर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवण्याची प्रथाही तेव्हाच पक्की झाली. मूळ वही उंदरांनी किंवा ओलीने खाल्ली असेल, तर ही बिशपकडची नक्कल शोधावी. ती काउंटीच्या दप्तरखान्यात असते. छापील नमुन्यातल्या विवाहनोंदी १७५४ पासून आणि बाप्तिस्म्याच्या १८१३ पासून मिळतात. १८१३ नंतरच्या नमुन्यात वडिलांच्या धंद्याला वेगळा रकाना असल्याने वाचन सोपे होते. १६४० ते १६६० या यादवी आणि प्रजासत्ताकाच्या काळात पुष्कळ वह्यांत पाने रिकामी आहेत आणि अनेक शोधांचा धागा नेमका तिथेच तुटतो.

तारखांबाबत सावध राहावे. १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये कायद्याचे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे वहीत ‘१० फेब्रुवारी १६९०’ असे लिहिले असेल, तर आजच्या गणनेने ते १६९१ असते आणि ते १६९०/९१ असे दोन्ही वर्षांसह लिहिण्याची रीत आहे. ही बाब लक्षात न घेतल्यास मे १६९० मध्ये लग्न झालेल्या जोडप्याचे पहिले मूल लग्नाआधी तीन महिने जन्मलेले दिसते आणि एका निरपराध बाईवर तीनशे वर्षांनी बालंट येते.

वर्णलेखनाविषयी हट्ट धरू नये. एकच पाद्री एकाच माणसाला एका पानावर टकर आणि पुढच्या पानावर टूकर लिहितो, कारण तो कानावर पडेल तसे लिहीत होता. लॅटिनमधील नोंदी वाचताना याहून मोठी अडचण येते. कापड तुडवणाऱ्याला लॅटिनमध्ये ‘फुल्लो’ म्हणत आणि लेखनिक फुलर, टकर, वॉकर या तिघांसाठीही तोच एक शब्द वापरू शके. म्हणून ‘जोहानेस फुल्लो’ ही नोंद दिसताच त्याला फुलर ठरवू नये; तो डेव्हनमध्ये असेल, तर लोक त्याला टकरच म्हणत असतील. नावांचेही तसेच आहे : ‘जाकोबुस’ म्हणजे बहुतेक वेळा जेम्स.

मृत्युपत्रे याच टप्प्यावर वाचावीत. १८५८ पासून त्यांची एकच राष्ट्रीय सूची आहे. त्याआधी ती चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत आणि त्यांतील सर्वांत मोठ्या कँटरबरीच्या न्यायालयातील १३८४ ते १८५८ पर्यंतची मृत्युपत्रे लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वहीत केवळ नाव आणि तारीख मिळते. मृत्युपत्रात मात्र कोणत्या मुलीला कढई दिली, कोणत्या जावयावर विश्वास नव्हता आणि कापड ताणण्याच्या चौकटी कोणाकडे गेल्या, असा सगळा संसार दिसू शकतो. एकाच गावात एकाच नावाचे दोन जॉन टकर असतील, तर त्यांना वेगळे करण्याचे याहून खात्रीचे साधन नाही.

सहावी पायरी : १५३८ च्या पलीकडे

सामान्य शेतकऱ्याच्या घराण्याचा सलग पुरावा बहुधा इथे संपतो. त्यापलीकडे जे मिळते तो घराण्याचा नव्हे, आडनावाचा इतिहास असतो आणि तो तसाच लिहावा. १६६२ ते १६८९ मधील चुलीवरच्या कराच्या याद्या, १५२४-२५ च्या करयाद्या, १३७७, १३७९ आणि १३८१ चे डोईपट्टीचे कागद आणि १३२७ व १३३२ चे करपट यांतून एखादे आडनाव कोणत्या गावात केव्हापासून आहे हे दाखवता येते.

यांत १३७९ चे यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगचे (पश्चिम विभागाचे) डोईपट्टीचे कागद मन लावून वाचण्यासारखे आहेत. सोळा वर्षांवरील सामान्य माणसाला किमान चार पेन्स भरावे लागत आणि धंदेवाल्यांना अधिक, त्यामुळे कित्येक नावांपुढे धंदाही लिहिला गेला. आपल्याला इथे एक साधी चाचणी लावता येते. नाव ‘वॉकर’ आणि पुढे धंदाही कापड तुडवण्याचाच असेल, तर ती अजून केवळ ओळख असू शकते. तो मेल्यावर त्याचा शिंपी झालेला मुलगा दुसऱ्याच नावाने लिहिला जाईल. पण नाव ‘वॉकर’ आणि धंदा लोहाराचा असेल, तर ते नाव बापाकडून किंवा आज्याकडून आले आहे, म्हणजेच आडनाव स्थिर होऊ लागले आहे, असे समजण्यास जागा आहे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर मोठ्या जमीनदारांनी ही प्रथा आणली, दक्षिणेतील सामान्य कुटुंबांत ती चौदाव्या शतकात रुळली आणि उत्तरेत त्याहून उशिरा. त्यामुळे यॉर्कशरचा वॉकर आणि ससेक्सचा फुलर यांची आडनावे एकाच काळात पक्की झाली असे धरून चालू नये.

सातवी पायरी : शोध समुद्रापार गेला तर

कुटुंब मुंबई इलाख्यात होते असे दिसल्यास लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरांकडे वळावे. मुंबई इलाख्यातील चर्चनी पाठवलेल्या बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नकला तिथे ‘एन/३’ या मालिकेत १७०९ पासून १९४८ पर्यंत लावलेल्या आहेत. पुणे, खडकी, अहमदनगर, देवळाली अशा छावण्यांतील गोऱ्या शिपायांची कुटुंबे त्यांत सापडतात. ब्रिटिश भारतातील कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेने अशा अनेक नोंदी संकेतस्थळावर मोफत उपलब्ध करून दिल्या आहेत.

मात्र इंग्रजी आडनाव म्हणजे इंग्रजी रक्त असे समीकरण मांडता येत नाही. गोव्यात पोर्तुगीज आडनावे धर्मांतराच्या वेळी धर्मपित्याकडून किंवा पाद्र्याकडून आली, हे आपल्याला ठाऊक आहेच. अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्या लाखो माणसांची नावे जनगणनेत प्रथम १८७० मध्ये आडनावासह आली आणि त्यांतील असंख्य आडनावे इंग्रजी आहेत. तिथल्या प्रसिद्ध उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर जन्माने सारा ब्रीडलव्ह होत्या; वॉकर हे त्यांच्या पतीचे आडनाव. बूथ-टकर यांनी तर १८८८ मध्ये साल्व्हेशन आर्मीच्या संस्थापकांची मुलगी एमा बूथ हिच्याशी लग्न केल्यावर तिचे आडनाव आपल्या आडनावाला जोडले.

आठवी पायरी : जनुकीय चाचणी, पण शेवटी

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते आणि इंग्रजी आडनावही बहुधा त्याच वाटेने जाते, म्हणून दोन्हींची तुलना करता येते. यॉर्कशरमधील साइक्स या आडनावाच्या पुरुषांच्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास निम्म्यांचे वाय गुणसूत्र एकाच प्रकारचे निघाले. २००९ मध्ये चाळीस ब्रिटिश आडनावांच्या तुलनेत असे दिसले की आडनाव जितके दुर्मिळ, तितके त्या आडनावाच्या पुरुषांचे गुणसूत्र सारखे असण्याचा संभव अधिक, आणि स्मिथसारख्या सर्वत्र पसरलेल्या आडनावात असे साम्य जवळजवळ आढळत नाही. वॉकरच्या बाबतीत म्हणूनच चाचणीचा उपयोग मर्यादित आहे : कागदोपत्री जोडलेल्या दोन शाखा खरोखर एक आहेत का, एवढे ती तपासू शकते. दत्तक, विवाहबाह्य संतती किंवा सावत्र बापाचे आडनाव यांमुळे दुवा तुटलेला निघाला, तर घरात काय बोलायचे हे चाचणी करण्याआधीच ठरवून ठेवावे.

शेवटी लिहिताना प्रत्येक विधानापुढे ते नक्की, बहुधा की केवळ शक्य आहे, हे नोंदवावे आणि मूळ कागद, वही व पान सांगावे. ‘हे टकर घराणे १३३२ पासून अमुक गावचे आहे’ असे न लिहिता ‘या गावात टकर हे नाव १३३२ च्या करपटात आहे, आपल्या घराण्याचा सलग पुरावा १६१० च्या बाप्तिस्म्यापर्यंत जातो, मधला दुवा मिळालेला नाही’ असे लिहावे. एकाच आडनावाचा सर्वांगीण अभ्यास करणाऱ्यांची ‘गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज’ ही संस्था १९७९ पासून काम करते. अशा पद्धतीने लिहिलेले टिपण त्या आडनावावर काम करणाऱ्या सभासदाकडे पाठवल्यास, मधल्या काळातील ज्या नोंदी आपल्या हाती लागल्या नाहीत त्या त्याच्या संग्रहात आधीपासून असण्याची शक्यता बरीच असते.